डोंगरावरची झाडे कुंडीत

उथळ कुंडीत बाळगलेल्या खुज्या झाडास जपानात बोन्साय म्हणतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. अशी झाडे बियांपासून किंवा कलमांपासूनही होतात. परंतु विशेष मान आहे तो ‘यामादोरी’स, म्हणजे डोंगरावरून खणून आणलेल्या झाडास. कड्याच्या फटीत मूठभर माती, वरून वारा व बर्फाचा भार, अशा स्थितीत ते शंभर वर्षांतही कमरेएवढे होत नाही. हे वय माणसाच्या हातून घडत नाही. म्हणूनच त्याचे मोल.

परंतु असे झाड खणणे सोपे, जगविणे कठीण. त्याची मुळे पाण्याच्या शोधात फटींतून दूरवर गेलेली असतात व पाणी शोषणारी तंतुमुळे टोकाशी असतात. घाईने जाड मुळे तोडली, की तंतुमुळे डोंगरातच राहतात व झाड कुंडीत येऊन वाळते. यास्तव जाणता मनुष्य पहिल्या वर्षी एका बाजूस चर खणून मुळे छाटतो, त्यात भुसभुशीत माती भरतो व खोडाजवळ नवी तंतुमुळे फुटू देतो; दुसरी बाजू पुढील वर्षी. झाड उचलावयाचे ते वसंतारंभी, डोळे फुटण्यापूर्वी. पुढे निचऱ्याची दाणेदार माती, सावली, पानांवर पाण्याचे तुषार, आणि निदान एक वर्ष तार व कात्री दूर ठेवण्याचा संयम पाहिजे.

हा संयम सर्वांस राहिला नाही. नीगाता प्रांतातील इतोइगावा येथे चुनखडीच्या कड्यांवर ‘शिम्पाकु’ जातीचे जुनिपर होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांनी दोरास लोंबकळून, प्रसंगी प्राण गमावून, ते इतके काढले, की कडे जवळजवळ ओस पडले. बियाणेच जात्यात घातले म्हणावयाचे! आज ती जात छाटकलमांनी वाढवितात.

आपणांस हौस असल्यास रानात जाण्याचे कारण नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेले वड, पिंपळ, उंबर जुन्या घरांच्या भिंतींत व विहिरींच्या बांधकामात उगवतात आणि भिंत राखण्यासाठी तोडले जातात. मालकाच्या संमतीने असे झाड पावसाच्या आरंभी तंतुमुळांसह काढावे. किल्ल्यांच्या व राखीव वनांतील झाडांस मात्र हात लावू नये. जे तोडलेच जाणार, ते वाचविण्यात कोणाचे नुकसान नाही.