कंपनीची समता: निधीत आणि भरतीत

सामाजिक विषमता कमी करण्यासाठी कंपनीला दोन ठिकाणी काम करता येते: आजूबाजूच्या गावांत आणि स्वतःच्या फाटकाच्या आत. कायदा हिशेब मागतो तो मुख्यतः पहिल्याचा. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. मागास गटांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करणे हेही त्या कामांत येते.

बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात असा पैसा पाण्याकडे वळणे साहजिक आहे. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने इथल्या तलावांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली, ती याच निकडीतून. साठलेले पाणी गावाचे असते. सुपीक गाळ मात्र ज्याच्या नावे सातबारा आहे त्याच्याच शेतात पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जातींचे लोक सुमारे १८ टक्के आणि जमातींचे सुमारे ५ टक्के आहेत. त्यांतल्या भूमिहीन घरांना काय मिळणार, हे काम ठरवतानाच विचारले पाहिजे. या घरांना शेतापेक्षा रोजगाराचा आधार मोठा, म्हणून खरी कसोटी भरतीत लागते.

तिथला इतिहास कटू आहे. याच जिल्ह्यातल्या खामगावच्या कापूसपेठेसाठी जलंब-खामगाव लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला. पण अशाच कापसावर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते दलित कामगारांना बंद होते. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतर कामगार त्याला विटाळ मानत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला.

भेदाची रीत पुढे बदलली, भेद उरला. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी प्रतिसाद मिळाला.

खाजगी नोकरीत आरक्षण नाही. २००६ मध्ये उद्योगसंघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. टाटा समूहाने शिक्षण, कौशल्य, नोकरी आणि उद्योजकता अशा चार अंगांनी कार्यक्रम आखला. शिकाऊ उमेदवार कायद्यात तर अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत आणि तो खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या औद्योगिक वसाहतींत आयटीआयच्या मुलांसाठी हे दार सर्वांत जवळचे आहे. जिथे कंत्राटदार ओळखीने माणसे आणतो, तिथे जागांची जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, कंत्राटी मजुरांची सामाजिक नोंद ठेवणे आणि डबे, वाहतूक, पॅकिंगची कामे दलित-आदिवासी उद्योजकांना देणे, एवढे कायदा बदलण्याची वाट न पाहता कंपनी करू शकते.