लखनौची थंडी ओळखायची तर वारा बघा

लखनौला राहायला आलेले आपले लोक डिसेंबर-जानेवारीत हमखास विचारतात, "काल स्वेटर काढला होता, आज एकदम हुडहुडी कशी?" याचं उत्तर भूमध्य समुद्राकडून येतं. तिकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे सरकणारे पश्चिमी झंझावात हिवाळाभर उत्तर भारतावरून जातात. झंझावात जवळ आला की लखनौत वारा पूर्वेचा होतो, ढग येतात, रात्र उबदार वाटते. इथेच बरेच जण फसतात आणि रजया आवरून ठेवतात! तो पुढे सरकला की आभाळ निवळतं, वायव्येचा कोरडा गार वारा सुटतो आणि पारा घसरतो.

पण मला खरी नवलाची वाटते ती धुक्यातली थंडी. पाऊस पडून गेला, वारा पडला, की ओल्या जमिनीवर, गोमतीकाठी दाट धुकं बसतं. ऊनच पोचत नाही. अशा वेळी रात्र फार गार नसते, दिवस मात्र गोठवतो. हवामान खात्याच्या भाषेत हा 'शीत दिन': किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी. म्हणून फक्त किमान तापमान बघून कपडे ठरवू नका, कमालही बघा.

झंझावातामागून सुटणारा हाच वायव्येचा वारा जोर धरून खाली आपल्या महाराष्ट्रात उतरला की निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

लखनौच्या चौक भागात पहाटे मख्खन मलाई खायला जाणार असाल, तर कानटोपी घ्याच.