पुराच्या पाण्यात लहान बोट की मोठी?

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली आणि १९७८ च्या पुराचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. धोक्याची खूण २०५.३३ मीटरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. यमुना बाजार, मॉनेस्ट्री मार्केट, कश्मीरी गेटजवळचा रिंगरोड जलमय झाला. एरवी जेथे बसगाड्यांची रांग लागते, तेथे इंजिनाच्या बोटी फिरू लागल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आठवी बटालियन राजधानीलगत गाझियाबादला असते; या दलाच्या रबरी बोटी त्या दिवसांत सर्वांच्या परिचयाच्या झाल्या.

नदीकाठची एखादी ग्रामपंचायत किंवा सेवाभावी संस्था बचावासाठी बोट घेण्याचे ठरविते, तेव्हा पहिला वाद आकाराचाच होतो. ‘एकदाच खर्च करायचा तर मोठीच घेऊ’ असा आपल्याकडील सर्वसाधारण कल. (कर्जाच्या टेबलावरही हे वाक्य नेहमी ऐकू येते!) लांबी, रुंदी व खोली तिन्ही दुप्पट केल्या, तर बोटीच्या पोटातील जागा आठपट होते, हे खरेच. परंतु वजन वाढते, इंजिन मोठे लागते, इंधन अधिक जाते. फायबरची मोठी बोट पाण्यापर्यंत नेण्यासाठी ट्रेलर हवा आणि ती उतरविण्यास उतार हवा. दिल्लीच्या जुन्या वस्त्यांतील बोळांत यांपैकी काहीच मिळत नाही.

हवा भरलेली लहान बोट चारसहा माणसे उचलून नेऊ शकतात. ती उथळ पाण्यातही चालते. पाण्याखाली दडलेला दुभाजक किंवा मोटार आडवी आली, तर आउटबोर्ड इंजिन वर उचलून घेता येते. तिच्यातील हवेचे कप्पे वेगवेगळे असल्याने एखादा फाटला तरी ती लगेच बुडत नाही. मात्र नदीच्या मुख्य प्रवाहात, वाहत येणाऱ्या ओंडक्यांसमोर, तिचा निभाव लागणे कठीण. तेथे वजनदार, रुंद आणि जोरकस इंजिनाची बोटच हवी.

लहान बोटीचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही पुढच्या फेरीला या’ असे सांगणे फार अवघड असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि मृतांमध्ये स्त्रिया व मुलेही होती. म्हणून बोट कोणतीही घ्या, तिच्या अंगावर प्रवाशांची कमाल संख्या ठळक रंगविलेली असावी आणि ती पाळण्याचा अधिकार चालकाकडेच असावा, सरपंचाकडेही नव्हे.

तेवढ्याच रकमेत एक मोठी की दोन लहान, असा प्रश्न असेल तर वस्तीसाठी माझे मत दोन लहान बोटींना. एक बंद पडली तरी दुसरी उरते. अर्थात अंदाजपत्रकात जीवरक्षक जाकिटे, सुटा पंखा, इंधन आणि चालकांचा सराव यांची तरतूद आधी करावी. नोंदणी व तपासणीच्या नियमांची चौकशीही खरेदीपूर्वीच व्हावी.

दिल्लीच्या बाबतीत एक सोय आहे. हरियाणातील हथिनीकुंड बंधाऱ्यातून सोडलेले पाणी येथवर पोहोचण्यास साधारणतः दीड ते दोन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत मोठी बोट ट्रेलरवरून नदीकाठी आणता येते. लहान बोटी मात्र जूनपासूनच वस्तीत, हवा भरून तपासलेल्या असाव्यात.