व्हीसीआरवर घ्यायचे कॉम्प्युटरचा बॅकअप! रशियातली नव्वदच्या दशकातली युक्ती

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी अनेकांच्या माळ्यावर आजही पडून असतील. अशाच कॅसेटमध्ये कॉम्प्युटरचा डेटा साठवता यायचा, हे सांगितलं तर पटकन पटणार नाही. पण 1990 च्या दशकात रशियात लोक हेच करत होते.

मॉस्कोच्या झेलेनोग्राद भागात 'आर्विड' नावाचं कार्ड बनायचं. ते कॉम्प्युटरच्या आत बसवायचं आणि वायर थेट घरच्या व्हीसीआरला जोडायची. तीन तासांच्या ई-180 कॅसेटवर साधारण 2 जीबी डेटा मावायचा. आज 2 जीबी म्हणजे किरकोळ, एका हळदीचे मोबाईल व्हिडिओच त्यापेक्षा जास्त भरतात. तेव्हा मात्र एका फ्लॉपीत 1.44 एमबी बसायचं. म्हणजे एका कॅसेटचं काम करायला जवळपास 1400 फ्लॉप्या लागल्या असत्या! बॅकअपसाठी मिळणारी खास यंत्रं महाग, आणि व्हीसीआर तर घरात आधीच होता.

आता हे चालायचं कसं? कॉम्प्युटरचा डेटा म्हणजे शेवटी 0 आणि 1. कार्ड त्याचं चित्र बनवायचं, काळे-पांढरे ठिपके. व्हीसीआरला वाटायचं सिनेमाच रेकॉर्ड होतोय. कार्डासोबत एक छोटा इन्फ्रारेड दिवा असायचा. तो रिमोटसारखा व्हीसीआर चालू-बंद करायचा, त्यामुळे माणसाने बटणं दाबत बसायची गरज नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. टेपवर बारीक ओरखडा असला की सिनेमात क्षणभर पांढरी रेघ येते, आपण तिकडे लक्षही देत नाही. पण दुकानाच्या हिशोबात एक आकडा जरी गेला तरी सगळा मेळ बिघडतो. म्हणून कार्ड डेटासोबत तपासणीचे जादा आकडेही लिहायचं. थोडा भाग खराब झाला तर त्या आकड्यांवरून गेलेला मजकूर परत काढता यायचा. अशाच प्रकारची पद्धत सीडीतही वापरतात.

युक्ती रशियाची पहिली नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्व्हस कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच असं यंत्र विकलं होतं.

आज अशी कॅसेट सापडली तर वाचायची कशी, हा मोठा प्रश्न. टेप चांगली असून भागत नाही. तेच कार्ड हवं, ते बसवायला जुना कॉम्प्युटर हवा, वर चालू व्हीसीआर हवा. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जाते.

लग्नाच्या कॅसेटींचीही हीच गत आहे, फक्त तिथे कार्ड लागत नाही. चालू व्हीसीआर असलेला फोटोवाला मिळतोय तोवर त्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. एक मात्र बघा, कॅसेटच्या काचेतून टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती तशीच व्हीसीआरमध्ये घालू देऊ नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही चिकटते.