सेटलमेंटबरोबर निघून जाणारं इंजिनिअरिंग

कुवेतमध्ये शुवैख किंवा शुऐबाच्या औद्योगिक भागात एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये काम करत असाल, तर हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल: डिझाइनवाले साहेब सुट्टीवर गेलेत, कोटेशन कोण काढणार? महिनाभर कसंबसं निभावतं. पण साहेब फायनल सेटलमेंट घेऊन गेले, की वीस वर्षांचा अनुभवही त्यांच्याबरोबर विमानात बसतो. १९९० च्या आक्रमणानंतर तर कुवेत आणि इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय काही आठवड्यांत मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर किती कामांची माहिती गेली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हा अनुभव कंपनीत टिकवण्याची एक पद्धत म्हणजे ज्ञानाधारित अभियांत्रिकी, अर्थात नॉलेज-बेस्ड इंजिनिअरिंग. नेहमीच्या कॅडमध्ये आपण आकार काढतो. इथे तो आकार ज्या नियमांवरून ठरतो, ते नियमच संगणकाला द्यायचे. मग मापं बदलली, की ड्रॉइंग, वजन आणि मालाची यादी आपोआप नव्याने तयार होते.

एक उदाहरण पाहू. दंडगोल टाकी, दाब १ मेगापास्कल, गंज धरून आतली त्रिज्या ५०० मिमी, पोलादाचा अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल. एएसएमई संहितेनुसार वेल्डची रेडिओग्राफी अजिबात केली नाही, तर जोडाची कार्यक्षमता ०.७० धरतात, नमुन्यापुरती केली तर ०.८५ आणि पूर्ण केली तर १. त्यानुसार जाडी येते ५.२, ४.३ आणि ३.६ मिमी. गंजासाठी ३ मिमी मिळवले, की ८.२, ७.३ आणि ६.६. आता बाजारात प्लेट मिळते ६, ८, १० मिमीची. म्हणजे पहिल्या पर्यायाला १० ची प्लेट लागते, उरलेल्या दोन्हींना ८ ची. नमुना तपासणीने प्लेट वाचते. पूर्ण तपासणीने जाडीत आणखी काही वाचत नाही. मुरलेला माणूस हे चहा पितापिता सांगतो. लिहून ठेवायचं ते हेच.

या क्षेत्रातली आयकॅड ही प्रणाली १९८० च्या दशकात आली. ती विमान आणि मोटार कंपन्यांना परवडली. दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपला असली खर्चिक प्रणाली झेपणारी नव्हती. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात तयार झालेली 'मोका' पद्धत छोट्यांनाही वापरता येते. तिच्यात माहिती पाच प्रकारच्या तक्त्यांत लिहितात: उदाहरण, बंधन, कृती, नियम आणि वस्तू. सुरुवातीला एक वही किंवा एक्सेल पुरे. पुढे फ्रीकॅडसारखं मोफत सॉफ्टवेअर पायथॉनमधून चालवता येतं.

मात्र नियमाशेजारी त्याचं कारण लिहायलाच हवं. कधीतरी ८ ची प्लेट शिल्लक नव्हती म्हणून १० ची वापरली, एवढंच खरं असतं. कारण लिहिलं नाही, तर पाच वर्षांनी तोच कंपनीचा कायदा होऊन बसतो. शिवाय एएसएमई संहितेची नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी येते, त्यामुळे नियम तपासत राहण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. 'सगळं लिहून दिलं, तर उद्या माझी गरज उरेल का?' व्हिसा नोकरीला बांधलेला असताना ही भीती चुकीची म्हणता येत नाही. म्हणून मालकाने हे काम ड्युटीच्या वेळेत करू द्यावं, प्रत्येक नियमावर लिहिणाऱ्याचं नाव ठेवावं आणि नियम सांभाळण्याचं काम त्याच माणसाकडे द्यावं. नियमांत न बसणारी ऑर्डर आली, की निर्णय शेवटी अनुभवी माणसालाच घ्यावा लागतो, हेही मालकाने विसरू नये.

तुमच्याकडे वारंवार बनणारी एकच वस्तू निवडा. उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघण्याआधी तिचे दहा नियम कारणांसह लिहा आणि नवख्या सहकाऱ्याला त्यावरून कोटेशन काढायला सांगा. तो जिथे अडेल, तिथे अकरावा नियम लिहायचा राहिलेला आहे.