अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळू

वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागतं. त्या पहाटेवर लिहायचं म्हणून संपादकांनी मला शिरपूर जैनला पाठवलं. वाशिम जिल्ह्यातल्या या गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. जमिनीला न टेकलेली मूर्ती पाहायला लोक लांबून येतात. मी मात्र रमलो ते एका वाळूच्या घडीपाशी.

घडी एका मावशींची. लाकडी चौकटीत काचेचे दोन फुगे, मधे बारीक मान. मावशींनी बसायचं कटासणं अंथरलं, तोंडापुढे धरायची मुहपत्ती हातात घेतली, घडी उलटी केली आणि सामायिकाला, म्हणजे समभावाच्या ध्यानाला, बसल्या. वाळू उतरायला 48 मिनिटं लागतात. म्हणजे दोन घटका, एक मुहूर्त. तेवढ्यात घरकाम नाही, गप्पा नाहीत. मधेच वाळू मानेत अडली. मावशी डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं धार आपोआप सुटली. उठल्यावर म्हणाल्या, "जास्त झालं तर चालतं. कमी पडायला नको."

नवकारशीलाही हाच हिशेब. सूर्योदयानंतर 48 मिनिटं झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. हा सूर्योदय ज्या त्या गावचा. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, शिरपूर 77 अंशांच्या आसपास. म्हणजे मनगटावरचं घड्याळ इथल्या सरासरी सौरवेळेच्या 22 मिनिटं पुढे. पाडवा नोव्हेंबरच्या मध्यावर आला, तर इथे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईत त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी. मुंबईचा तक्ता इथे लावून भागत नाही.

मंदिरातला वेळ मात्र वाळूसारखा सैल सोडता येत नाही. 1905 साली दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांनी पूजेचं वेळापत्रक ठरवलं. तरी वाद पेटला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1929 च्या निकालानं व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहिलं, दिगंबरांचा ठरल्या वेळी पूजेचा हक्कही राहिला. पुढे 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागलं. ते निघालं मार्च 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. बेचाळीस नवी वर्षं बंद दारापुढूनच गेली.

दोन्ही पंथ महावीरांचं निर्वाण इसवी सनापूर्वी 527 चं मानतात, संवतही एकच मोजतात. दिगंबर अमावास्येच्या पहाटे निर्वाणलाडू चढवतात. श्वेतांबर प्रतिपदेच्या पहाटे महावीरांचे शिष्य गौतमस्वामी यांच्या केवलज्ञानाचं स्मरण करतात. वर्षाबद्दल भांडण नाही, भांडण हक्काचं आणि तासांचं.

मला काळजी वाटते ती इथेच. मावशींच्या घडीत वाळू अडली, तर जाणारा वेळ त्यांचा स्वतःचा. गाभाऱ्यात एकाची पूजा पाच मिनिटं लांबली, तर ती पाच मिनिटं दाराशी ताट घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्याची. तिथे वेळेवर उठणं हीदेखील पूजाच आहे, असं मला मनापासून वाटतं. नव्या वर्षाच्या पहाटे दोन्ही बाजूंनी एवढं जपलं, तर त्या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही.