जुन्या ऑफिस पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड?

बेळगाव-निपाणीकडे बजेट गेमिंग म्हणजे बहुतेकदा ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह पीसी. त्यात कार्ड घालताना आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, आणि ऑफिस पीसीच्या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी पिन बहुधा नसते. त्यामुळे वेगळी पॉवर पिन नसलेलं जीटीएक्स १६५० (२०१९) हेच इथं शहाणपणाचं. मात्र पिनवालं मॉडेलही येतं, डबा नीट बघा. केस बारीक असेल तर लो-प्रोफाइलच हवं.

कुणी म्हणेल, आरएक्स ६४०० नवं आहे, वीजही कमी खातं. खरंय, पण ते फक्त चार लेन वापरतं. या पिढीच्या एच८१ चिपसेटच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस २.० असल्याने त्याच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम २ जीबी येतात. सोळा लेनच्या १६५० ला त्याच स्लॉटमध्ये ८. ६४०० ची चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो तो इथंच. मग कोल्हापुरात सेकंडहँड मिळेल ते ८ जीबीचं आरएक्स ५८०? कार्ड दमदार, पण भूक १८५ वॉटची; नवा एसएमपीएस धरला की स्वस्ताई संपली. शिवाय मायनिंगमध्ये राबलेलं निघालं तर दाद कुणाकडे मागणार?